पुण्यांतील विसाव्याच्या जागा

पुणें शहराचीं वर्णनें मराठी वाचकांस नवीं नाहींत. शनिवारवाडा, लाल महाल, ओंकारेश्वर, पर्वती यांविषयीं आपण शाळेच्या क्रमिक पुस्तकांपासून वाचीत आलों आहों. कोणी या शहरास पेशवाईच्या स्मृतींसाठीं येतो, कोणी विद्येचें माहेरघर म्हणून येतो, तर कोणी तुळशीबागेंतील खरेदीची लांबलचक यादी घेऊन येतो. पाहुण्यांच्या या सर्व प्रकारांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे त्यांच्या पायांतील बळ. पाहुणा चालेल, चढेल, गर्दींत उभा राहील आणि रात्रीं झोंप घेऊन दुसऱ्या दिवशीं ताजातवाना उठेल, असें धरूनच स्थलवर्णनें लिहिलीं जातात. ज्याचें बळ असें रात्रींतून भरून येत नाहीं, त्यानें पुणें कसें पाहावें? किंबहुना, त्यानें पुण्यांत राहावें तरी कसें?

हा प्रश्न मनांत येण्यास तसेंच कारण घडलें. मी सांगलीची. गेल्या मार्गशीर्षांत पुण्यास भावाकडे सव्वा महिना राहण्याचा योग आला. त्याचें बिऱ्हाड सदाशिव पेठेंत, एका जुन्या वाड्याच्या जागीं उठलेल्या इमारतींत, दुसऱ्या मजल्यावर आहे. माझी भावजय एका शाळेंत गणित शिकवीत असे. २०२१च्या एप्रिलमध्यें पुण्यांतील हजारों लोकांबरोबर तिलाहि कोविडचा ताप आला. चार दिवसांत ताप उतरला, इस्पितळांत जावें लागलें नाहीं, आणि संकट टळलें म्हणून घरांत देवापुढें साखर ठेवली गेली. परंतु त्यानंतर ती पूर्वीची झाली नाहीं. स्नान करून आल्यावर अर्धा तास पडून राहावें लागे. फळ्यापुढें उभें राहून दोन उदाहरणें सोडविलीं कीं तिसऱ्याच्या वेळीं आंकडे डोळ्यांपुढें तरळूं लागत. रात्रभर झोंपूनहि सकाळीं अंग कोणी कुटून काढल्यासारखें दुखे. रक्त, हृदय, फुप्फुसें, थायरॉइड, सर्वांच्या तपासण्या झाल्या आणि सर्वांचे निकाल चांगले आले. निकाल चांगले आल्याचें दुःख व्हावें, असा हा विलक्षण आजार आहे. एका डॉक्टरांनीं मन रमविण्यास सांगितलें, दुसऱ्यांनीं शक्तीच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षांनीं तिसऱ्या एका डॉक्टरांनीं सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली आणि आजारास नांव दिलें.

तें नांव मोठें अवघड आहे: मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस, किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. मराठींत त्यास चिरकालीन थकव्याचा विकार म्हणतां येईल. पण 'थकवा' या शब्दानेंच अर्धा घोटाळा होतो, कारण थकवा कोणाला येत नाहीं? अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या विकाराचीं लक्षणें नेमकीं सांगितलीं आहेत. पूर्वीं सहज होणारीं कामें सहा महिन्यांहून अधिक काळ होईनाशीं होणें आणि त्यासोबत विश्रांतीनें न जाणारा गाढ थकवा असणें. अल्पशा श्रमानेंहि प्रकृति ढांसळणें. झोंपेनें ताजेपणा न येणें. आणि यांच्या जोडीस बुद्धीस येणारें मांद्य किंवा उभें राहिल्यानें वाढणारा त्रास, यांपैकीं एक तरी. यांतील दुसरें लक्षण सर्वांत फसवें आहे. श्रमाची शिक्षा तेथल्या तेथें होत नाहीं. ती बहुधा दुसऱ्या दिवशीं, कधीं त्याच्याहि नंतर, सावकारासारखी दारांत येऊन उभी राहते आणि कित्येक दिवस हालत नाहीं. लोकांस दिसतें तें केलेलें काम. त्याची भरपाई बंद दाराआड होते. या विकाराची खूण पटविणारी एकहि निश्चित तपासणी आजपर्यंत हातीं आलेली नाहीं, आणि तो मुळापासून घालविणारें औषधहि नाहीं.

आपल्या पूर्वजांच्या शब्दभांडारांत या बाबतींत मोठा विवेक होता. श्रम न करतां येणारा, धाप न लागतां वाढणारा आणि इंद्रियांच्या व्यापारांत अडथळा आणणारा जो थकवा, त्यास सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत 'क्लम' असें वेगळें नांव दिलें आहे. आजचा विकार तोच होय, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु श्रम निराळा आणि क्लम निराळा, एवढी पारख ज्यांच्या वैद्यकानें केली, त्यांच्या वारसांनीं सर्व प्रकारचा थकवा आळसाच्या एकाच खात्यावर मांडावा, हें शोभत नाहीं.

असो. आम्हीं दोघींनीं असें ठरविलें कीं, या मुक्कामांत पुणें पाहावयाचें, पण तिच्या चालीनें. दोन दिवसांआड फार तर एक जागा. तेथेंहि थकवा येण्याची वाट न पाहतां, बरें वाटत असतांनाच उठावयाचें.

पहिली स्वारी सारसबागेची झाली. घराचा जिना अडतीस पायऱ्यांचा; तो उतरणें हा तिच्या दृष्टीनें प्रवासाचा पहिला टप्पा. पुण्याच्या रिक्षावाल्यास जवळचें भाडें नको असतें, हें पुणेंकरांस सांगावयास नको. तीन रिक्षांनीं मान हालविल्यावर चौथी मिळाली, आणि तोंपर्यंतच्या उभें राहण्यांत तिच्या दिवसाच्या ठेवींतील चवथाई खर्ची पडली. सारसबाग मात्र अशा माणसास मोठी सोयीची. वाटा सपाट आहेत, हिरवळ आहे, आणि तळ्यांतल्या गणपतीच्या आसपास सावलींत बसलें असतां कोणी उठा म्हणत नाहीं.

तेथून वर पाहिलें कीं पर्वती दिसते. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलेलें देवदेवेश्वराचें मंदिर आणि तेथवर नेणाऱ्या १०३ पायऱ्या यांचें वर्णन कोणी करावें असें आतां उरलें नाहीं. पहांटे त्या पायऱ्यांवर पुण्यांतील म्हातारेकोतारेहि भराभर चढतांना दिसतात, आणि पर्वती चढून येणें हें येथें आरोग्याचें प्रमाणपत्र समजलें जातें. पण मंदिर बांधणाऱ्याचें वैभव सांगतांना त्याचा अंत आपल्या स्मरणांतून निसटतो. पानिपतच्या आघातानें खचलेले नानासाहेब १७६१च्या जूनमध्यें याच टेकडीवर निवर्तले. ज्या टेकडीवर पुणेंकर आपल्या बळाचें माप घेतात, तिनें एका भंगलेल्या जीवासहि आसरा दिला होता. भावजय पायऱ्यांकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "वन्सं, चढत होतें तेव्हां मीं कधीं या पायऱ्या मोजल्या नाहींत. आतां येथें बसून मोजतें."

पुण्यांत आजाऱ्यास औषधापेक्षां उपदेश अधिक मिळतो. आम्ही बाकावर बसलों असतां ओळखीच्या दोघीजणी भेटल्या आणि दोघींनींहि एकच उपाय सुचविला: रोज थोडें थोडें चालावें, महिन्यानें पर्वती, दोन महिन्यांनीं वेताळ टेकडी, म्हणजे हें सारें पळून जाईल. हा उपदेश प्रेमाचा होता आणि निरोगी मनुष्यास तो हितकारकहि आहे. परंतु या विकारांत तोच घातक ठरतो. इंग्लंडांत क्रमाक्रमानें व्यायाम वाढवीत नेण्याचा उपाय अनेक वर्षें अधिकृतपणें सांगितला जात होता. पुष्कळ रुग्णांनीं त्यानें आपली प्रकृति अधिकच बिघडल्याचें सांगितलें. पुराव्याची फेरतपासणी झाली. आणि तेथील 'नाइस' या संस्थेनें ऑक्टोबर २०२१मध्यें तो सल्ला मागें घेऊन, शक्तीच्या मर्यादेंत राहूनच हालचाल करण्याचें तत्त्व पुढें ठेवलें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण पैशाच्या संबंधांत वापरतों. या आजाऱ्यांच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे.

दुसरी स्वारी लक्ष्मी रस्त्याच्या बाजूस झाली. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावानें तो १८०७च्या सुमारास बांधविला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढें तिच्यांतूनच डेक्कन कॉलेज उदयास आलें. दर्शनी भागाचें सुरूच्या आकाराच्या खांबांचें लांकूडकाम आजहि मन वेधून घेतें. पण नांवांत 'विश्राम' आणि 'बाग' असे दोन शीतल शब्द असलेल्या या वाड्यासमोर क्षणभर उभें राहून पाहावें: भोंग्यांचा आवाज, दुचाक्यांची दाटी, फेरीवाल्यांचे पुकार. पदपथावर चालावयास जागा नाहीं, मग बसावयास कोठून असणार? या विकारांत कित्येकांस आवाज आणि उजेडहि सोसवत नाहीं. तुळशीबागेच्या तोंडाशीं ती एकाएकीं पांढरी पडली. बांगड्यांच्या एका दुकानदारानें कांहीं न विचारतां आपलें स्टूल पुढें सरकविलें आणि स्वतः उभा राहून गिऱ्हाईक पाहूं लागला. त्याला आजाराचें नांव ठाऊक नव्हतें. ठाऊक असण्याची आवश्यकताहि पडली नाहीं.

पेठेंत राहणाऱ्या आजाऱ्यास गणेशोत्सवाचे दिवस विशेष कठीण जातात. ढोलताशांचा सराव कित्येक आठवडे आधींपासून चालतो, आणि विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून चोवीस तासांहूनहि अधिक काळ जात असते. लोकमान्यांनीं सार्वजनिक स्वरूप दिलेला हा उत्सव पुण्याचा प्राण आहे. त्यास कोणी नांवें ठेवावीं असें मी म्हणत नाहीं. पण त्या दोन दिवसांत माझा भाऊ तिला बाणेरास एका मित्राच्या घरीं नेऊन ठेवतो, आणि घरचा गणपति सासूबाईंच्या व त्याच्या हातून बोळविला जातो. जी स्त्री माहेरीं पांच मानाच्या गणपतींमागें अनवाणी चालली, तिला आतां आपल्या घरच्या आरतीचा आवाज फोनवरून, तोहि मंद करून, ऐकावा लागतो.

पुण्यानें अलीकडे एक सोय मात्र अशा लोकांच्या पदरीं टाकली आहे. ती म्हणजे मेट्रो. तिचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाले, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीखालून मंडई व स्वारगेटपर्यंत जाऊं लागली. डेक्कन जिमखान्याहून निघून सिव्हिल कोर्टास गाडी बदलली कीं मंडईस उतरतां येतें. सिव्हिल कोर्टाचें भुयारी स्थानक जमिनीखालीं शंभर फुटांहून खोल आहे. पण पाळणा आहे, सरकते जिने आहेत, थंडावा आहे. त्या खोल जागीं भावजय म्हणाली कीं, दोन वर्षांत प्रथमच आपण पुण्यांत कोणाचा हात न धरतां हिंडतों आहोंत. शहराचें वैभव उंच इमारतींवरून मोजावें कीं चालत्या जिन्यांवरून, याचा त्या दिवशीं मला नवा विचार पडला. पण स्थानकाबाहेर आलें कीं पुन्हां तोच तुटका पदपथ. शंभर फूट खालून वर येणें सोपें झालें आहे. पुढचीं शंभर पावलें अद्यापि अवघडच आहेत.

डिसेंबरांतील पुण्याचें मोठें आकर्षण म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं त्याचा आरंभ केला. माझी भावजय लग्नापूर्वीं या मंडपांत सतरंजीवर बसून रात्रीच्या रात्री गाणें ऐकत असे. या वर्षीं एक संध्याकाळ जावयाचें तिनें ठरविलें, आणि त्यासाठीं पुढील आठवड्यांतील सर्व पानें कोरीं ठेवलीं. आदले तीन दिवस पूर्ण विश्रांति, जातांना मोटार, पाठीशीं उशी, कानांत कापूस, आणि फक्त एका गायकाचें गाणें. तें गाणें ऐकतांना तिचा चेहरा असा उजळला कीं, शेजारच्या बाईंनीं तिला आजारी म्हटलें असतें तर विश्वास ठेविला नसता. तिसऱ्या दिवसापासून पांच दिवस ती अंधाऱ्या खोलींत पडून होती. "एवढी किंमत देणें योग्य होतें का?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "किंमत मी जाणून दिली. न विचारतां घेतली जाते, तिचें वाईट वाटतें." आयुष्य लांबविणें निराळें आणि त्यांत जगण्यासारखें कांहीं उरूं देणें निराळें. आजाऱ्याच्या जीवनाची प्रत राखावयाची म्हणजे या दुसऱ्या गोष्टीची काळजी घ्यावयाची. डेन्मार्कमधील रुग्णांवरील एक अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अनेक दीर्घ आजारांची तुलना केली असतां, दैनंदिन जीवनाची सर्वांत खालावलेली प्रत याच विकाराच्या रुग्णांची आढळली. अमेरिकेंत अशा रुग्णांची संख्या ८ लाख ३६ हजार ते २५ लाख असावी, असा वर सांगितलेल्या अहवालाचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांचें निदानच झालेलें नाहीं, आणि निदान चतुर्थांश तरी कधीं ना कधीं घरांत किंवा अंथरुणावर खिळून पडतात.

विषाणूंच्या अभ्यासांत पुण्याचें नांव जगांत आहे. १९५२ सालीं येथें विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणु संस्था म्हणून ओळखलें जातें. कोविडचा विषाणु आपल्या देशांत प्रथम याच संस्थेंत वेगळा करण्यांत आला, आणि कोव्हॅक्सिन ही लस त्यावरूनच तयार झाली. चिकुनगुन्याची हकीकतहि महाराष्ट्राशीं अशीच निगडित आहे: १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस त्याची सांथ येऊन गेली, मग तो तीस वर्षांहून अधिक काळ जणूं नाहींसा झाला, आणि २००६ सालीं पुन्हां उसळला. २०२४ सालीं पुण्यांतील कितीतरी घरांनीं त्याचा अनुभव घेतला. ताप आठवड्यांत जातो. सांध्यांचें दुखणें व शिणवटा कित्येकांस महिनोगणती सोडीत नाहींत. सांथ किती आली व किती गेली, याचे आंकडे वर्तमानपत्रांत येतात. सांथ गेल्यावर जे उठलेच नाहींत, त्यांची मोजदाद कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडोत्तर विकाराची व्याख्या ऑक्टोबर २०२१मध्यें केली, म्हणजे निदान त्यांस दप्तरांत जागा मिळाली. घरांतील जागा मात्र घरानेंच द्यावयाची आहे.

मॉडेल कॉलनीच्या बाजूस रमामणि अय्यंगार स्मारक योग संस्था आहे. १९७५च्या जानेवारींत ती उघडली. तिचे संस्थापक बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझाच्या सांथींतच झाला, आणि त्यांचें बालपण मलेरिया, विषमज्वर व क्षय यांनीं ग्रासलें. १९३७ सालीं हा अठरा वर्षांचा कृश तरुण पुण्यास योग शिकवावयास आला आणि २०१४ सालीं येथेंच निवर्तला. दुबळेपण अंगावरून गेलेलें असल्यामुळेंच कीं काय, त्यांनीं आपल्या पद्धतींत लोड, घोंगड्या, पट्टे, दोर, खुर्च्या यांस मानाचें स्थान दिलें. शरीरानें आसनाकडे धांवावें यापेक्षां आसनानेंच शरीराकडे यावें, असा त्यांतील एक भाग आहे. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनींहि लहानपणीं मूत्रपिंडाचा कठीण विकार सोसला होता. भावजय घरीं दोन लोडांवर पाठ टेकून दहा मिनिटें पडून राहते, आणि तेवढ्यानें छातीवरचा भार हलका होतो असें सांगते. यानें ती बरी होईल असा तिचा समज नाहीं, आणि ज्या दिवशीं हात उचलवत नाहीं, त्या दिवशीं ती हेंहि करीत नाहीं. योगासनें हा सर्व रोगांवरचा उतारा म्हणून आजाऱ्याच्या माथीं मारूं नये. पण टेकण्याचीहि एक विद्या असते आणि ती या शहरांत शिकविली गेली, हें लक्षांत ठेवावयास हरकत नाहीं.

इतकीं स्थळें पाहिल्यावर मला असें दिसून आलें कीं, अशा माणसाचें खरें पुणें म्हणजे त्याचें घर. आणि विसाव्याची जागा तेथें नसेल तर ती शहरभर हिंडूनहि सांपडत नाहीं. माझी आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. "आमच्या वेळीं ताप अंगावर काढून आम्ही चुलीपुढें बसत असूं," असें ती म्हणे, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. सुनेचा चेहरा टवटवीत, वजन ठीक, तपासण्या चांगल्या. मग दिवाळीच्या फराळाच्या दिवशीं उभी राहिलेली सून भाऊबीजेस अंथरुणावर कां, हें तिला उमगेना. घरांत भांडण झालें नाहीं; पण शब्दांवांचूनहि घर जड होतें.

मार्ग निघाला तो एका वहीमुळें. माझ्या आईनें पन्नास वर्षें घरखर्चाची वही लिहिली आहे. पै-पैचा मेळ लागल्यावांचून ती निजत नाहीं. भावजयीनेंहि डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक वही ठेवली होती. एका बाजूस दिवसाचें काम व नाडीचे ठोके, दुसऱ्या बाजूस त्यानंतरची अवस्था. एके दुपारीं आईनें ती चाळली. दिवाळीच्या आठवड्यांत डाव्या पानावर चकल्या, लाडू, पाहुणे, आणि उजव्या पानावर अकरा दिवस एकच शब्द: 'पडून'. मागें संक्रांतीस तसेंच, त्याच्या मागें मंगळागौरीस तसेंच. आईनें चष्मा पुसला, पुन्हां पहिल्या पानापासून वाचलें आणि एवढेंच म्हणाली, "हा मेळ बरोबर आहे." दुसऱ्या दिवशीं ओट्याशीं उंच स्टूल आलें. भाजी निवडणें बसून, कणीक भावानें मळावयाची, दुपारीं दोन ते चार घरांत घंटी वाजवावयाची नाहीं, आणि सण असेल तर त्याचें एकच काम तिच्याकडे, तेंहि तिनें निवडावयाचें. भावजय आतां आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, आडवी राहून फोनवरून दोन मुलांस गणित शिकविते. शाळेची नोकरी गेली ती गेलीच. पण त्या अर्ध्या तासांत ती पुन्हां बाई असते.

स्त्रियांच्या सांगण्यावर विश्वास न बसणें हें आपल्याच समाजाचें वैगुण्य आहे असें मात्र नाहीं. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांत १९५५ सालीं अशाच विकाराची सांथ आली आणि सुमारें तीनशें कर्मचारी आजारी पडले; त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. पंधरा वर्षांनीं दोघां मानसतज्ज्ञांनीं, एकाहि रुग्णास न तपासतां, केवळ जुन्या कागदांवरून हा स्त्रियांचा सामूहिक वातोन्माद होता असा निकाल दिला. त्याच्या एक वर्ष आधींच, १९६९ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें या विकाराची गणना मज्जासंस्थेच्या रोगांत केली होती. पण लोकांत रुजला तो वातोन्मादाचाच समज.

या रुग्णांचा स्मरणदिन १२ मे रोजीं पाळला जातो. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्मदिवस. क्रिमियाच्या युद्धांत जडलेल्या तापानें ती पुढें कित्येक वर्षें बहुतेक अंथरुणास खिळून होती. तिचा आजार हाच होता असें कोणी खात्रीनें म्हणूं शकत नाहीं. पण लंडनच्या खोलींत पडल्या पडल्या तिनें हिंदुस्थानांतील सैन्याच्या व खेड्यांच्या आरोग्याचा ध्यास घेतला, आणि येथें एकदांहि न येतां पुण्याच्या सार्वजनिक सभेपर्यंत तिचा पत्रव्यवहार पोंचला. तिला भेटावयास येणाऱ्यांस वेळ ठरवून यावें लागे, आणि ते येत. घरच्यांनीं व स्नेह्यांनीं तिच्या शक्तीचा बेत मानला नसता, तर तिचीं हीं कामें झालीं असतीं का?

आषाढाच्या तोंडावर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत येतात; भवानी पेठ व नाना पेठ येथें मुक्काम करून पुढें निघतात. त्या वाटेवर मुक्काम जसा ठरलेला, तसा मधला विसावाहि ठरलेला असतो. विसाव्यास बसलेल्या वारकऱ्यास कोणी आळशी म्हणत नाहीं, कारण पंढरीस पोंचणें विसाव्यावरच अवलंबून आहे, हें सर्वांस ठाऊक असतें. पुणेंकरांनीं एवढीच गोष्ट पालखीच्या वाटेवरून आपल्या रस्त्यावर आणावी. दर शंभर पावलांवर एक बांक, वाचनालयांत व बँकांत एक खुर्ची, रांगेंत उभें राहूं न शकणाऱ्यास बसून वाट पाहण्याची मुभा, आणि मंडपांच्या भिंतींपलीकडे कोणी आजारी निजला असेल याची जाणीव. यांस फारसा खर्च नाहीं. आणि ज्या घरांत असें माणूस असेल, त्या घरानें "दिसतेस तर चांगली" हें वाक्य बोलण्यापूर्वीं तिच्याजवळ बसून विचारावें, "आज किती उरलें आहे?" मग ती सांगेल तो आंकडा खरा मानून घराचा पुढचा दिवस आंखावा.